स्लायडिंग खिडकी घेताना आधी पाण्याची वाट ठरवावी

पाथर्डी फाट्याजवळ आपल्या दोन मजली रो हाऊसचे बांधकाम सुरू असून प्लास्टर नुकतेच संपले आहे. दिवाणखान्याची ६ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच खिडकी पश्चिमेला आहे, वरच्या मजल्यावरच्या एका शयनगृहाची खिडकी मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूला उघडते, स्वयंपाकघराची खिडकी ओट्याच्या मागे आहे, आणि कारागिराने पाऊण इंची ॲल्युमिनियम, डोमल (ॲल्युमिनियमचीच अधिक भरीव मालिका) आणि यूपीव्हीसी (एक कडक प्लास्टिक) असे तीन दर दिले आहेत. यांपैकी काय घ्यावे आणि बसवून घेताना काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. आधीच्या भाड्याच्या घरात पावसाळाभर खिडकीखाली जुन्या चादरी अंथराव्या लागत, हेही आपण ओघात लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातले तेच सर्वांत कामाचे वाक्य आहे.

गेली २२ वर्षे मी नाशिकमध्ये खिडक्या बनवून बसवण्याचे काम करतो. या काळात ग्राहकाचा पहिला प्रश्न नेहमी सेक्शनचा (चौकटीच्या पोकळ पट्टीचा), रंगाचा आणि दराचा असतो, आणि नंतर येणारी तक्रार मात्र बहुतेक वेळा पाण्याची असते. तिन्ही दरपत्रकांत सेक्शन, काच आणि जाळी यांचे तपशील असतील. ट्रॅकमध्ये, म्हणजे काचेची चौकट ज्यावरून सरकते त्या खालच्या पन्हळीत, आलेले पाणी कोठून बाहेर जाणार, याबद्दल एकही ओळ नसेल. म्हणून उत्तराचा क्रम मी उलटा ठेवतो.

काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधून फोन आला की खिडकीतून पाणी येत आहे. खिडकी मीच बसवलेली होती, त्यामुळे जाणे भाग होते. बॅटरी लावून ट्रॅककडे वाकून पाहिले, तर त्यातले पाणी स्थिर नव्हते. त्र्यंबकच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला की ते आतल्या कडेला बोटाच्या पेराएवढे वर चढे, झोत ओसरला की पुन्हा खाली बसे, आणि ट्रॅकच्या तळाशी मारलेल्या एका स्क्रूभोवती भात शिजताना यावेत तसे बारीक बुडबुडे येत. बुडबुडे येतात म्हणजे तेथे हवेला वाट आहे, आणि झोत थांबल्यावर त्याच वाटेने पाणी खाली उतरते. स्क्रूच्या भोकातून ते सिलखाली, म्हणजे खिडकीच्या तळाच्या दगडाखाली, गेले होते, तेथून भिंतीत मुरले होते आणि आतल्या बाजूला रंगाला फुगे आणून टपकत होते. तो स्क्रू मारायला मीच सांगितले होते, कारण फ्रेम जितकी घट्ट तितकी चांगली, अशी तेव्हा माझी समजूत होती.

त्या रात्री पाहिलेल्या गोष्टीचा हिशेब अगदी सोपा आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचे सूत्र दिलेले आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे, म्हणजे पास्कलमध्ये दाब मिळतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, आणि त्याचा दाब होतो साधारण १६७ पास्कल. पाण्याच्या १ मिलिमीटर उंचीचा दाब ९.८ पास्कल असतो. म्हणजेच असा झोत थेट खिडकीवर आला, तर ट्रॅकमधले पाणी तो सुमारे १७ मिलिमीटर उंच उचलून धरू शकतो, आणि तेवढा वेळ ते निचऱ्याच्या छिद्रांतून बाहेर पडत नाही. वेग ताशी ८० किलोमीटर झाला की हीच उंची ३० मिलिमीटरवर जाते, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. याच मानकात नाशिकसाठी दिलेला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. तो अर्थात अनेक वर्षांत एखाद्या वेळी येणाऱ्या वादळाचा आहे आणि त्या वेळी थोडे पाणी आत आले तर मी कारागिराला दोष देणार नाही. पण दर आषाढात येणाऱ्या सरींना खिडकी पुरी पडलीच पाहिजे.

यावरून ट्रॅक निवडण्याची कसोटी आपोआप ठरते. दुकानात नमुन्याचा तुकडा हातात घ्यावा, निचऱ्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपासून ट्रॅकच्या घराकडच्या कडेच्या माथ्यापर्यंत मोजपट्टी लावावी आणि उंची पाहावी. पश्चिमेच्या खिडकीसाठी मी ३० मिलिमीटरपेक्षा कमी उंची स्वीकारत नाही. पाऊण इंची मालिकेच्या साध्या ट्रॅकमध्ये आतली आणि बाहेरची कड बहुधा सारख्याच उंचीच्या असतात, त्यामुळे भरलेले पाणी बाहेर सांडायचे की घरात सांडायचे, हे वारा ठरवतो. घराकडची कड उंच आणि बाहेरची कमी, असा पायरीदार ट्रॅक मिळत असेल तर तोच घ्यावा. त्यासाठी सेक्शनच्या रंगावर किंवा हँडलच्या चकाकीवर पाणी सोडावे लागले तरी हरकत नाही.

ट्रॅकखालची सिल हा दुसरा भाग, आणि ती गवंड्याच्या हातात असते, खिडकीवाल्याच्या नाही, म्हणूनच ती बिघडते. आपल्याकडे खिडकीच्या गाळ्याला चारी बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट लावण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, परंतु खालची पट्टी बहुतेक घरांत पाणसळ लावून अगदी सपाट बसवलेली असते आणि गवंडी ते अभिमानाने दाखवतो. खालचा दगड दोन तुकड्यांत, पायरी ठेवून बसवावा. घराकडचा तुकडा बाहेरच्या तुकड्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर उंच असावा, ट्रॅकची पाठ त्या पायरीला टेकावी, आणि बाहेरच्या तुकड्याला ट्रॅकच्या पुढे किमान अर्धा इंच बाहेरच्या बाजूला उतार असावा. हा तुकडा भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच आलेला असावा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडे आत, ८ ते १० मिलिमीटर रुंदीची खाच मारलेली असावी. ती खाच नसेल तर सिलवरून ओघळलेले पाणी दगडाच्या पोटाला चिकटून पुन्हा भिंतीकडे येते आणि खिडकीखाली काळे ओघळ उमटतात. पाच वर्षे जुन्या कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहिले तर हे ओघळ मोजता येतात.

आपले प्लास्टर झाले आहे, पण ग्रॅनाइट लागले की नाही हे प्रश्नात नाही. लागले नसेल तर हीच वेळ आहे. लागले असेल आणि सपाट असेल, तर तो दगड उपटायला मी सांगणार नाही. ट्रॅकच्या मागे घराच्या बाजूला ग्रॅनाइटची एक अरुंद पट्टी इपॉक्सीने चिकटवून पायरी करता येते, आणि ती नंतर लावली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. छज्जाबद्दलही एक शब्द लिहितो, कारण नव्या रो हाऊसच्या दर्शनी भागातून छज्जे हल्ली गायब होत चालले आहेत. दोन फुटी छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर पडणारे निम्मे संकट वरच्या वर अडवतो, आणि मे महिन्यातल्या उन्हाचेही बरेच. तो नसेल तर निदान खिडकी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावू नये, २ ते ३ इंच आत घ्यावी.

निचऱ्याची छिद्रे ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला, सहा फुटी खिडकीत किमान तीन असावीत. गोल भोकांपेक्षा लांबट खाचा चांगल्या, कारण पाण्याचा थेंब लहान गोल भोकात पडदा धरून अडकून राहतो. दोन-तीन ट्रॅकच्या खिडकीत आतल्या कप्प्यातली छिद्रे आणि बाहेरच्या कप्प्यातली छिद्रे एका रेषेत नसावीत. एका रेषेत असली की वारा सरळ आत घुसतो आणि पाण्याला आपल्याबरोबर उडवतो. सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत नेहमीची चूक मात्र याहून साधी आहे: खिडकी बसवणारा मुलगा बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढताना ही छिद्रेच बुजवून टाकतो, आणि त्याच्या हातून एखादे उरले तर रंगारी पुट्टीने ते पूर्ण करतो. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही, हे दोघांच्याही समोर पाहावे.

आता साहित्य. पाऊण इंची ॲल्युमिनियम मी दिवाणखान्याच्या ६ फुटी खिडकीला देणार नाही. त्याची शटर, म्हणजे काच धरणाऱ्या सरकत्या चौकटी, सरळ कापून स्क्रूने जोडलेली असतात आणि काच जड झाली की काही वर्षांत कोपरे हलू लागतात. ओट्यामागच्या ३ फुटी खिडकीला मात्र ते पुरते, आणि तेथे उगाच जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. २७ मिलिमीटरच्या डोमल मालिकेत शटरचे कोपरे ४५ अंशांत कापून आतून कोपऱ्याचे तुकडे घालून दाबलेले असतात, सेक्शन भरीव असतो, रोलर मोठे बसतात. तथापि डोमल हे नाव ऐकून समाधान मानू नये, कारण त्याच नावाखाली पातळ सेक्शनही सर्रास विकला जातो. दर चौरस फुटाचा सांगितला जातो आणि ॲल्युमिनियम किलोवर विकत घेतले जाते, या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत पुष्कळ काही लपते. कारागिराच्या कारखान्यात व्हर्नियर कॅलिपर असतोच. तो मागून शटरच्या सेक्शनची जाडी समोर मोजावी. शटरला १.२ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी मी घेत नाही आणि ट्रॅकला दीड मिलिमीटर मागतो, कारण रोलर आयुष्यभर त्याच रेषेवरून धावायचा असतो. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉनचे असावे.

यूपीव्हीसीचा एक गुण इतका मोठा आहे की त्याची जाहिरात करणारेही तो पुरेसा सांगत नाहीत. त्याच्या फ्रेमचे चारही कोपरे उष्णतेने वितळवून एकजीव केलेले असतात, त्यामुळे खालचा ट्रॅक एखाद्या सांधा नसलेल्या ताटासारखा वागतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये खालच्या दोन कोपऱ्यांना सांधा असतोच, आणि जोडणी करताना त्या सांध्यात सीलंट भरला नसेल तर कोपऱ्यातून पाझर ठरलेला. जाहिरातीत सांगितला जाणारा दुसरा गुण, म्हणजे उष्णता अडवणे, खरा आहे पण फुगवलेला आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट वेगाने वाहते हे बरोबर; पण खिडकीचे बहुतेक क्षेत्र काचेचे असते, आणि पश्चिमेचे ऊन काचेतूनच आत येते.

यूपीव्हीसीच्या दोन अडचणी आहेत. ते तापमानाने ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक प्रसरण पावते. ३० अंशांच्या फरकाला ६ फुटी फ्रेम सुमारे ४ मिलिमीटर लांबते, तर ॲल्युमिनियमची सव्वा मिलिमीटर. म्हणून बाजूंना मोकळी फट ठेवावीच लागते, आणि ती न ठेवणारे कारागीर वैशाखात शटर अडकले म्हणून परत बोलावले जातात. दुसरे, त्याच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी असायला हवी, नाहीतर मोठे शटर वाऱ्याने पोटात वाकते. ती पट्टी आहे की नाही हे ओळखण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही: फ्रिजवर चिकटवतो तसला पण जरा दमदार लोहचुंबक घेऊन जावे आणि शटरच्या उभ्या बाजूवर वरपासून खालपर्यंत फिरवावा. जेथे ओढ लागत नाही तेथे लोखंड नाही.

या सर्वांचा विचार करता आपल्या दिवाणखान्याला पायरीदार ट्रॅकचे यूपीव्हीसी किंवा जाडी मोजून घेतलेले डोमल, यांपैकी जे जवळच्या आणि पुन्हा बोलावल्यावर येणाऱ्या कारागिराकडे मिळेल ते घ्यावे. मी स्वतः दोन्ही बसवतो आणि स्वतःच्या घरी डोमल आहे. त्याचे कारण एवढेच की पंधरा वर्षांनी एखादा सुटा भाग लागला तर ॲल्युमिनियमचा तो कोणत्याही दुकानात मिळतो.

महामार्गाच्या बाजूच्या शयनगृहाला मात्र स्लायडिंग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लायडिंग शटर सरकण्यासाठी त्याच्याभोवती ब्रशची पट्टी असते, दाबून बसणारे रबर नसते, आणि ब्रशमधून आवाजही येतो आणि धूळही. आपण महागडी दुहेरी काच घालाल आणि ट्रकचा हॉर्न ब्रशमधून आत येईल. तेथे बिजागरीवर उघडणारी, बंद केल्यावर सर्व बाजूंनी रबरावर दाबली जाणारी खिडकी घ्यावी. दोन काचांची स्लायडिंग कधीही अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही, हेही विसरू नये. दोन काचा आणि एक जाळी अशी तीन ट्रॅकची खिडकी घेतली तरी उघडा भाग निम्माच राहतो. ६ फुटांतून फ्रेम आणि शटरच्या पट्ट्या वजा जाता प्रत्यक्ष मोकळी जागा जेमतेम पावणेतीन फूट मिळते. वारा हवा असेल तर समोरासमोरच्या भिंतीत दुसरी उघडझाप करणारी जागा आहे का, ते आत्ताच पाहावे. स्वयंपाकघरात मात्र स्लायडिंगच योग्य, कारण आत उघडणारे शटर नळाला आणि मांडणीला आपटते आणि बाहेर उघडणारे शटर ओट्यावरून ओणवे होऊन ओढावे लागते.

काचेबद्दल थोडक्यात. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो असते. आपल्या दिवाणखान्याच्या एका शटरमध्ये ५ मिलिमीटरची काच घातली तर काचेचेच वजन सुमारे १५ किलो होते. दुहेरी काच घातली तर ३० किलो, आणि मग रोलर त्या वजनाचे आहेत का, हा प्रश्न येतो. येथे ५ मिलिमीटरची टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) काच पुरेशी आहे. टफन्ड काच फुटली तर तिचे बोथट तुकडे होतात, पण ती भट्टीतून आल्यानंतर एक मिलिमीटरही कापता येत नाही. एकदा मी ग्राहकाच्या घाईमुळे ग्रॅनाइट लागण्याआधीच आठ शटरच्या काचा मागवल्या आणि दगडाने प्रत्येक गाळ्यातून बोटभर जागा खाल्ली. त्या आठही काचा माझ्या कारखान्यात बरीच वर्षे भिंतीला टेकून उभ्या होत्या. परावर्तक काच घेणार असाल तर इतके लक्षात ठेवावे की बाहेरून आत न दिसण्याचा तिचा गुण दिवसापुरता असतो. संध्याकाळी घरात दिवा लावला आणि बाहेर अंधार झाला की चित्र उलटते, त्यामुळे पडद्याचा खर्च वाचत नाही.

जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि पश्चिमेच्या खिडकीत ती सर्वांत आतल्या ट्रॅकमध्ये ठेवावी. बाहेरच्या ट्रॅकमध्ये ठेवली तर काच सरकवणे सोयीचे होते हे खरे, परंतु पावसाचा चिखल आणि रस्त्याची धूळ आधी जाळीवर आणि मग थेट त्या ट्रॅकच्या छिद्रांत बसते. ग्रिल बाहेरून लावावी. आतून लावली तर शटर उचलून काढता येत नाही आणि रोलर बदलायची वेळ आली की आधी ग्रिल कापावी लागते. वरच्या मजल्यावरच्या निदान एका ग्रिलला आतून कडी लावलेले दार ठेवावे, आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते.

बसवण्याचे काम ग्रॅनाइट आणि फरशी झाल्यानंतर, रंगाच्या शेवटच्या हाताआधी करावे. माप घेताना गाळ्याची रुंदी खाली, मध्ये आणि वर, तसेच उंची दोन्ही कडांना आणि मध्ये घ्यावी, दोन्ही कर्ण मोजावेत आणि सर्वांत लहान माप धरावे. आपले गवंडी कितीही नामांकित असले तरी या तीन मापांत पाच-सात मिलिमीटरचा फरक निघतोच, आणि गाळा गुण्यात नसेल तर फ्रेम गाळ्याप्रमाणे वाकवायची नसते, फ्रेम काटकोनात ठेवून फरक फटीत घ्यायचा असतो. ॲल्युमिनियमला प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिलिमीटर आणि यूपीव्हीसीला ५ ते ८ मिलिमीटर फट ठेवावी. वरच्या बाजूची फट थोडी जास्तच असावी, कारण लिंटेलने (गाळ्यावरच्या तुळईने) जराशी मान टाकली तरी तिचे वजन फ्रेमवर येता कामा नये.

फ्रेम गाळ्यात ठेवल्यावर सर्वांत आधी खालचा ट्रॅक पाणसळीत आणावा, कारण शटरचा धर्म पाण्यासारखाच आहे, ते उताराकडे जाते. ६ फुटांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शटर आपोआप सरकू लागते किंवा कुलूप रोज जोर लावून लावावे लागते. ट्रॅकखाली आधार सलग असावा, दोन टोकांना ठोकळे आणि मध्ये पोकळी असे चालत नाही, कारण शटरचे वजन ट्रॅकच्या प्रत्येक भागावरून फिरते. त्यानंतर ओळंबा लावून उभ्या बाजू, आणि मग पुन्हा कर्ण. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, नायलॉनच्या प्लगमध्ये, कोपऱ्यापासून साधारण ६ इंचांवर पहिला आणि पुढे दीड ते दोन फुटांवर एकेक असावा, आणि प्रत्येक स्क्रूच्या मागे फटीत पॅकिंगचा तुकडा हवाच. पॅकिंग न घालता स्क्रू आवळला की उभी बाजू भिंतीकडे ओढली जाते, फ्रेमला पोट येते, आणि इंटरलॉकच्या जागी, म्हणजे दोन शटर मध्ये एकमेकांत अडकतात तेथे, वरून खाली निमुळती होत जाणारी फट दिसते. ती पाहण्यासाठी शटर लावून उजेडाकडे तोंड करून उभे राहिले तरी पुरते. ट्रॅकच्या तळात स्क्रू मारू नये. मारावाच लागला तर भोकात आणि डोक्यावर दोन्हीकडे सिलिकॉन भरून मगच मारावा.

फट बंद करताना आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि तिच्यावर सिलिकॉन ओढावे, म्हणजे ते फक्त दोन कडांना चिकटते आणि फ्रेमबरोबर ताणले जाते. फट नुसती सिलिकॉनने ठासून भरली तर खर्चही वाढतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत ते एका कडेने सुटते. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचे, हवामान सोसणारे घ्यावे. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते स्वस्त सिलिकॉन काचेच्या टाकीला चांगले, सिमेंट आणि दगडाला नाही. सेक्शनवरची संरक्षक पट्टी सिमेंटचे काम संपेपर्यंत काढू नये, कारण ओले सिमेंट ॲल्युमिनियमला खाऊन कायमचे पांढरे डाग पाडते. पण रंगकाम झाल्यावर ती लगेच काढावी, उन्हात महिनोन्महिने राहिली तर तिचा गोंद सेक्शनवर भाजून बसतो.

शटर चढवल्यावर तीन लहान गोष्टी पाहाव्यात. दोन्ही शटर जेथे एकमेकांवर येतात तेथे मधोमध, वर आणि खाली, बोट जाईल एवढी फट राहते. तेथे बसवायचा रबराचा ठोकळा सामानात असतो आणि बसवायचा विसरला जातो. पालींना ही जागा चांगली ठाऊक आहे. शटर बंद असताना ते वर उचलून ट्रॅकबाहेर काढता येते का, हे हात लावून पाहावे. निघत असेल तर वरच्या खोबणीत अडसर लावून घ्यावा, नाहीतर कुलपाला काही अर्थ नाही. आणि रोलरची उंची कमीजास्त करण्याचा स्क्रू कोठे आहे, तो कसा फिरवायचा, हे कारागिराकडून एकदा स्वतः शिकून घ्यावे.

पाण्याची चाचणी बागेच्या पाइपने करावी. आत सिलवर आणि खिडकीखालच्या भिंतीला जुने वर्तमानपत्र चिकटवावे, कारण कागदावर ओलाव्याचा ठिपका लगेच दिसतो. बाहेरून आधी फक्त सिलच्या आणि फ्रेमच्या सांध्यावर दहा मिनिटे पाणी सोडावे, मग ट्रॅकवर, मग बाजूंवर आणि शेवटी वर. खालून वर जाण्याचे कारण असे की वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे एकदमच पोहोचते आणि नेमके कोठून आत आले ते कळत नाही. पाइपमध्ये वाऱ्याचा दाब नसतो, त्यामुळे ही चाचणी उत्तीर्ण झालेली खिडकी आषाढात गळणारच नाही असे म्हणता येत नाही, पण या चाचणीत गळणारी खिडकी आषाढात नक्की गळते.

पुढची निगा फार नाही. मृगाच्या आधी एकदा जुन्या टूथब्रशने ट्रॅक झाडून छिद्रे मोकळी करावीत, रोलर कुरकुरत असतील तर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारावा. खोबरेल तेल किंवा मशिनचे तेल घालू नये, त्यात धूळ कालवली जाऊन जी लुकण तयार होते ती रोलरलाच खाते.

दरपत्रकावर सही करण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये, ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची, आणि पाण्याची चाचणी ग्राहकासमोर करून देण्याचे वचन. एकूण रकमेच्या दहा टक्के पहिला मोठा पाऊस झाल्यावर देण्याची अट घातली तर चांगला कारागीर थोडा कुरकुरेल, पण मान्य करेल. मी स्वतः ती अट आता न मागता लिहून देतो, आणि पश्चिमेच्या खिडक्या शक्यतो मे संपण्याआधी बसवून मोकळा होतो.